भिंतीनं ओ देऊ नये

च्याई शहरात आणि आसपासच्या तीन जिल्ह्यांत माझा आवाज ऐकला नाही असा माणूस नाही. दुपारी जेवून तुम्ही आडवे होता, डोळा लागतोय न लागतोय तोच गल्लीत एक छोटा निळा ट्रक रांगत येतो आणि भोंग्यातून एक बाई कोकलते, "जाळीची दारं दुरुस्त करून मिळतील, खिडक्यांच्या जाळ्या बदलून मिळतील, काचा बसवून मिळतीऽऽल." ती बाई मी. तुम्ही उशीत तोंड खुपसून जिला शिव्या घालता, तीसुद्धा मीच. बांबूच्या पानातला गरम भात विकणारी मी, बंद पडलेले फ्रीज विकत घेणारी मी. बावीस वर्षं घरातल्या मागच्या खोलीत बसून मी या आरोळ्या भरून देते आहे. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच माहीत नाही. भोंग्याला कुठं नाव असतं?

म्हणून तायपेईच्या कंपनीतल्या फांग बाईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "छत्तीस जुन्या गोष्टी, आपल्या ताइवानी बोलीत वाचायच्या. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला वाचणारीचं पूर्ण नाव, तिच्याच आवाजात," तेव्हा बाकीचं मला काही ऐकूच आलं नाही. पूर्ण नाव. छत्तीस वेळा.

मी नमुना भरून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर.

"आवाज झकास आहे हो ताई. पण खोली ऐकू येते."

"खोली ऐकू येते म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पाण्याच्या रिकाम्या टाकीत बसून बोलताय असं वाटतं."

बावीस वर्षांत एकाही ट्रकवाल्याने माझ्या खोलीबद्दल तक्रार केली नव्हती. मी तसं बोलून दाखवलं. फांग बाई हसल्या. तायपेईची माणसं हसतात ना, तसं, दात न दाखवता. म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत वाट बघते. नाहीतर आमच्याकडे दुसऱ्या एक बाई आहेत." ती दुसरी बाई कोण ते मी चौकशी करून काढलं. एका प्राध्यापकाची बायको. आपली बोली शनिवारच्या क्लासात शिकलेली! माझी आजी ज्या भाषेत डुकरांना हाका मारायची, ती भाषा ही बाई वहीत लिहून शिकली आणि आता ती आम्हाला आमच्या गोष्टी वाचून दाखवणार.

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली. टाळीच्या मागून टर्रर्र असा आवाज आला, पत्र्यावरून भोवरा घसरत जावा तसा. फांग बाईंचं बरोबर होतं. म्हणून तर जास्त राग आला.

मग इंटरनेट. इंटरनेटवर खोल्यांबद्दल बोलणारे सगळे पुरुष असतात आणि सगळ्यांच्या पाठीमागे निळा दिवा लावलेला असतो. पहिला म्हणाला, भिंतींना फोम चिकटवा. दुसरा म्हणाला, फोम चिकटवणारे गाढव आहेत, रोग कोपऱ्यात असतो, कोपरे भरा. तिसरा म्हणाला, पहिल्या दोघांच्या नादी लागू नका, माझा कोर्स घ्या. चौथा आरसा घेऊन भिंतीवरून फिरवत होता, त्याचं मला काही कळलं नाही. मी पहिल्याचं ऐकलं. फोम स्वस्त होता आणि परवा येणार होता.

परवा तो आला, आणि तिथेच सगळं बिघडलं. कारण सामान आणणारा माणूस वर आलाच नाही. रस्त्यात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "होंग ताई! तुमचा शी-यिन-म्येन आलाय! चार खोकी!"

आता इथे थोडं समजून घ्या. 'शी' म्हणजे शोषून घेणं. 'म्येन' म्हणजे कापूस. मधलं 'यिन' म्हणजे आवाज. आवाज शोषणारा कापूस; फोमला आमच्याकडे हेच म्हणतात. पण दुसरं एक 'यिन' आहे. अंधाराकडचं, थंड, ओलं, मेलेल्यांच्या बाजूचं. लिहिताना अक्षर वेगळं, कानाला दोन्ही एकच. आणि महिना होता आमच्या पंचांगाचा सातवा. त्या महिन्यात मेलेल्यांच्या जगाचं दार उघडतं आणि ती मंडळी महिनाभर वर हिंडतात, आणि त्यांना भुतं म्हणायचं नसतं, 'भाऊमंडळी' म्हणायचं असतं.

माझी आई एकोणऐंशीची आहे. खाली दारात शेंगा सोलत बसली होती. ती जिना चढून वर आली. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं ती वरच्या मजल्यावर आली नव्हती.

"काय मागवलंस?"

"शी-यिन-म्येन."

"सातव्या महिन्यात?"

"आई, आवाजाचं यिन. ते यिन नव्हे."

"मला शिकवू नकोस. चार खोकी?"

"चार."

"एवढं शोषून ठेवणार कुठे तू?"

मी खोक्यावरचं अक्षर दाखवलं. आईला अक्षरं येत नाहीत, आणि येत असती तरी तिने ऐकलं नसतं. "कागदावर काहीही छापतात," ती म्हणाली. "तांदूळ नवा म्हणून छापतात आणि आत भुसा असतो."

मी ऐकलं नाही. दोन दिवस शिडीवर चढून चारही भिंतींना, दाराला, छताला काळा काटेरी फोम चिकटवला. फणस उलटा करून त्याच्या आत बसावं तशी खोली दिसायला लागली. फक्त एक कोपरा तेवढा सोडला. दारातून आत आलं की समोर तिरका जो कोपरा पडतो तो धनाचा. तिथे आईने एका चौरंगावर तीन पायांचा पितळी बेडूक ठेवला आहे, तोंडात नाणं धरलेला. त्याला हात लावायचा नाही. बावीस वर्षांत त्या बेडकाने ते नाणं एकदाही सोडलेलं नाही.

काम झाल्यावर मी टाळी वाजवली. टाळी वाजवली की नाही अशी शंका यावी इतकं काहीच नाही. मी खूश. त्याच आनंदात दुसरा नमुना पाठवला.

"ताई," फांग बाई म्हणाल्या, "टाकी गेली."

"मग?"

"आता तुम्ही गोधडीत तोंड घालून बोलताय. आणि गोधडीखाली कुणीतरी ढोल बडवतंय."

मी फोन ठेवला आणि शेजारच्या तियू काकूंना दारात उभं असलेलं पाहिलं. आईने त्यांना बोलावून आणलं होतं. साक्षीदार म्हणून. काकू आत आल्या, मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "कान ओढतंय."

"ओढतंय ना?" आई दारातूनच म्हणाली.

"आतून ओढतंय. खेचतंय."

"काकू, आवाज परत येत नाही म्हणून तसं वाटतं," मी म्हणाले.

"हो हो," काकू म्हणाल्या आणि माझ्याजवळ सरकल्या. "बी-श्या, माझी सून सहा महिने खोकतेय. तिला इथे पाच मिनिटं बसवू का? जे काय असेल ते खेचून घेईल."

संध्याकाळपर्यंत खाली तीन बाया आणि एक म्हातारा रांगेत. म्हाताऱ्याला गुडघ्यातलं यिन काढायचं होतं. मी वरून ओरडले. बावीस वर्षं ट्रकचे भोंगे गाजवलेत मी, त्याच आवाजात ओरडले, तेव्हा गेले. पण आई माझ्याशी बोलेना, आणि बुधवारी रात्रीचं जेवण तिने मला दारातून आत सरकवलं, तुरुंगात सरकवतात तसं.

गुरुवारी सकाळी तिने ल्याव गुरुजींना आणलं.

ल्याव गुरुजी म्हणजे घरांची दिशा बघणारे. आमच्या गल्लीत एकही पलंग त्यांना विचारल्याशिवाय सरकत नाही. स्कूटरवरून आले, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत लाल तबकडीचं होकायंत्र. मला ही माणसं आवडत नाहीत. ह्यांनी सांगितलं म्हणून माझ्या थोरल्या मामाने चांगली विहीर बुजवली होती. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

गुरुजींनी होकायंत्र काढलंच नाही. ते आत आले, एका कोपऱ्यात गेले आणि टाळी वाजवली. कान लावला. दुसऱ्या कोपऱ्यात गेले, टाळी. तिसऱ्यात, टाळी.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"अडकलेली हवा ऐकतोय," ते म्हणाले. "तू पण वाजवतेस म्हणे? वहिनी सांगत होत्या." वहिनी म्हणजे माझी आई.

"मी आवाज ऐकते."

"तेच म्हणतोय मी." चौथ्या कोपऱ्यात, बेडकाजवळ, त्यांनी टाळी न वाजवता घसा खाकरला, मोठ्ठा, खालच्या पट्टीतला. कोपरा हुंऽऽ म्हणाला. तो हुंकार मीसुद्धा ऐकला. आईने दोन्ही हात जोडले.

"पोरी," गुरुजी म्हणाले, "तू ह्या खोलीला सोललंस. वरची हलकी हवा सगळी पिऊन टाकली. जड हवा तशीच कोपऱ्यात बसलीय. हलकं काही उरलं नाही म्हणून जड जास्त ऐकू येतं. अर्धं काढ हे काळं. आणि कोपरे भर."

माझी हाताची घडी सुटली. कारण निळ्या दिव्याच्या दुसऱ्या पुरुषाने हेच सांगितलं होतं, फक्त त्याने त्यात आकडे घातले होते. पातळ फोम बारीक आवाज खातो, जाड आवाज त्याला भीक घालत नाही, तो कोपऱ्यात जाऊन फुगतो. मला अंधश्रद्धेचा राग येतोच. ती बरोबर निघाली की जास्त येतो.

"अर्धं म्हणजे कुठलं अर्धं?" मी विचारलं. "कुठलं ठेवायचं?"

गुरुजींनी डोकं खाजवलं. आणि मला तो चौथा पुरुष आठवला, आरसेवाला. तुम्ही माइकसमोर बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवायचा, ज्या जागी आरशात माइक दिसेल तिथून आवाज उडून परत येतो, तिथे फोम ठेवायचा, बाकीचा काढायचा. मी न्हाणीघरातला आरसा काढून आणला.

"आई, हा धर आणि भिंतीवरून हळूहळू फिरव."

आई मागे सरली. "सातव्या महिन्यात? आरसा? भिंतीवरून फिरवू? त्यांना त्यांची तोंडं दाखवू?"

"त्यांना नाही गं, माइकला!"

"माइकला तोंड कशाला बघायचंय?"

"द्या इकडे," गुरुजी म्हणाले. "आरसा हा माझा धंदा आहे."

आणि मग तासभर च्याईतल्या सगळ्यात मोठ्या दिशातज्ज्ञाने माझ्या भिंतींवरून न्हाणीघरातला आरसा फिरवला. मी खुर्चीतून ओरडायची, "दिसला! तिथे खूण करा!" ते खडूने फुली मारायचे. एसी बंद होता, कारण त्याची घरघर चालू असली की खोली नीट ऐकू येत नाही. गुरुजींचा सदरा अंगाला चिकटला. मध्येच ते पुटपुटले, "आरशात काही भलतं दिसलं तर आधीच सांग हं." मी म्हटलं, तुमचं पोट दिसतंय. हसले. त्या माणसाला हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

माझ्या डावीकडे एक, उजवीकडे एक, डोक्यावर एक आणि पाठीमागची भिंत. एवढ्याच जागी फुल्या पडल्या. बाकीचा फोम मी ओरबाडून काढला. अर्धा रंग त्याच्याबरोबर आला.

"आता कोपरे," गुरुजी म्हणाले. "मऊ, जाड, जमिनीपासून छतापर्यंत. मध्ये पोकळी नको."

"तसलं सामान मागवलं तर सोमवारी येईल," मी म्हणाले. "मला उद्या पाचपर्यंत द्यायचंय."

मग आईने, जी आरशाला हात लावायला तयार नव्हती, जिन्याकडे बोट दाखवलं.

आदल्याच दिवशी गल्लीने भाऊमंडळींना जेवण घातलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे टेबलं मांडतात आणि त्यांवर दुकान रिकामं केल्यासारखं सामान रचतात. तांदळाची पोती, शेवयांची खोकी, बिस्किटं, आणि टॉयलेट पेपर. टॉयलेट पेपरचे गठ्ठे, डोंगरच्या डोंगर. भाऊमंडळींना टॉयलेट पेपर कशाला लागतो, हे मी सात वर्षांची असताना विचारलं होतं आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. उदबत्ती विझली की सामान घरात परत येतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपता संपत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर, आईचं, तियू काकूंचं (त्यांच्याकडे जागा नसते) आणि दुकानवाल्या भाच्याचं मिळून साठेक गठ्ठे होते.

"त्यांनी हात लावलेलं सामान?" मी म्हटलं. "आई, तूच म्हणालीस ना खोली त्यांना शोषते?"

आईने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मान डोलावत होते, हळूहळू, आतून पटत गेल्यासारखे.

"भाऊमंडळी जेवून गेली," ते म्हणाले. "उरलेल्या वस्तूला तृप्ती असते. तृप्त वस्तू कोपऱ्यात ठेवली की तिथे भुकेलं कुणी उभं राहत नाही. वहिनी, डोकं चालतं तुमचं."

मग रांग लागली. ह्या वेळी कामाची. तियू काकू, त्यांची खोकणारी सून, गुडघ्याचा म्हातारा, सगळे जिन्यावर ओळीने उभे राहिले आणि गठ्ठे हातोहात वर आले, त्यांच्याबरोबर चुकून तांदळाचं एक पोतंही. तळाला आईच्या लग्नातल्या कापसाच्या जड दुलया घड्या करून, त्यावर गठ्ठे, छतापर्यंत. धनाच्या कोपऱ्यात बेडकाचं काय करायचं यावर वाद झाला. गुरुजींनी एक गठ्ठा मध्येच थोडा पुढे ओढून त्याला ओटा करून दिला.

"बेडूक टॉयलेट पेपरवर?" आई म्हणाली.

"धनावर बसलाय, वहिनी. दर वर्षी महाग होतंय ते. बेडकापेक्षा तरी नक्कीच."

मी टाळी वाजवली. गुरुजींनीही वाजवली. टर्रर्र नाही, हुंऽऽ नाही, आणि गोधडीही नाही. टाळीसारखी टाळी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. मी त्या माणसाला मानत नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी माइकसमोर बसले. दारात आई.

"पहिलं वाक्य काय आहे?"

"'वाचन,'" मी म्हटलं, "आणि माझं नाव."

"नुसतं बी-श्या ना?"

"पूर्ण. होंग बी-श्या."

आईचा चेहरा उतरला. सातव्या महिन्यात कुणाचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं नसतं. ते ऐकतात, लक्षात ठेवतात, मग कधीतरी मागून हाक मारतात, आणि तुम्ही ओ दिली की संपलं. म्हणून आमच्याकडे सातव्या महिन्यात पोरांनासुद्धा 'ए' म्हणून हाका मारतात.

"पुढच्या महिन्यात म्हण," आई म्हणाली.

"पाच वाजता द्यायचंय."

"मग नाव सोडून दे. बाकीचं वाच."

तेव्हा माझा तोल गेला. "सोडून देऊ? बावीस वर्षं सोडूनच दिलंय! जाळीवाल्याची बाई, भातवाल्याची बाई, फ्रीजवाल्याची बाई! मेले तर थडग्यावर काय लिहाल, 'काचा बसवून मिळतील'? एकदा, एकदाच मला माझं नाव माझ्या तोंडाने घ्यायचंय, आणि तेही तुझ्या भाऊमंडळींना विचारून?"

आई चपला काढून आत आली. खोलीच्या मधोमध उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि माझं पूर्ण नाव ओरडली. मी आवाज कुणाचा घेतलाय ते तेव्हा मला कळलं. तिने तरुणपणी तीस वर्षं बाजारात मासे विकले होते.

"होंग बी-श्याऽऽ!"

मग तिने कान टवकारले. एक भिंत, दुसरी भिंत, चार कोपरे, बेडूक. सगळं गप्प.

"पूर्वी ह्या खोलीत शिंकलं तरी भिंत ओ द्यायची," ती म्हणाली. "आता कुणी ओ देत नाही. म्हण तू. पण मी इथेच बसते." आणि तांदळाच्या त्या पोत्यावर बसली, माझ्या मागे, फोमच्या खाली.

एसी बंद, आम्ही दोघी घामाने निथळतोय. मी लाल बटण दाबलं. "वाचन, होंग बी-श्या," म्हटलं आणि वाचत गेले. गोष्टीतली वाघीण म्हातारीचं सोंग घेऊन दार ठोठावते तिथे आईने श्वास रोखला तेही मला कळलं. साडेचारला पाठवून दिलं, न ऐकताच. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती.

पाचला दहा मिनिटं असताना फोन.

"ताई, काय केलंत काय तुम्ही? कुठलं सामान लावलंत? एवढं स्वच्छ!"

"टॉयलेट पेपर," मी म्हटलं.

फांग बाई हसल्या. ह्या वेळी दात दिसले असावेत. "छत्तीसच्या छत्तीस तुमच्या. फक्त एक. सुरुवातीला तुमचं नाव येतं, आणि लगेच मागे कुणीतरी अगदी हळू 'ओ' म्हणतं. तेवढं कापून पाठवा."

मी वळून बघितलं. आई पोत्यावरच होती, खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत. तिने फोनमधलं सगळं ऐकलं होतं.

"तू ओ दिलीस?"

"हळूच दिली."

"ओ द्यायची नसते म्हणून तूच सांगतेस ना?"

"तू नाही द्यायची," आई म्हणाली. "मी म्हटलं, कुणी ऐकत असेलच तर त्याला वाटू दे की होंग बी-श्या म्हणजे एकोणऐंशी वर्षांची, गुडघे गेलेली म्हातारी आहे. मला कोण नेतंय? बघेल आणि परत जाईल."

फोनमध्ये फांग बाई "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"ते कापायचं नाही," मी त्यांना सांगितलं.

"ताई, पण नियमात बसत नाही. आवाज कुणाचा म्हणून लिहू मी?"

मी आईचं पूर्ण नाव सांगितलं. तोंडावर हात धरून, अगदी हळू. सातवा महिना संपायला अजून नऊ दिवस होते.